मंदीत सरकारी मदत: रोख, धान्य की काम? आणि यादीत नाव नसलेल्यांचं काय?

कातरवेळ (प्रश्न)

घरात बरेच दिवस एकच वाद चालू आहे, म्हणून इथे विचारते. माझा मोठा भाऊ लेथवर काम करतो. मंदी आली तशी कारखान्यातली आधी एक पाळी बंद झाली, मग उरलेल्यांना आठवड्यातून तीनच दिवस बोलवायला लागले, आणि आता काम पूर्णच थांबलंय. मदतीसाठी अर्ज केला तर उत्पन्नाचा दाखला मागितला. दाखला मागच्या वर्षाचा. त्यावर भावाचा पगार चांगला दिसतो, मर्यादेच्या वर. अर्ज नामंजूर. आत्ता या महिन्यात घरात किती पैसे आले, हे लिहायला त्या फॉर्मवर रकानाच नाही.

वडिलांचं मत असं की सरकारने फुकट काही देऊच नये, माणसाला सवय लागते. द्यायचं तर काम द्यावं. वहिनी म्हणते, काम म्हणजे काय, माती वाहायची? ज्याच्या हातात कसब आहे त्याला खात्यात पैसे द्या, तो स्वतःचं बघेल. आई म्हणते पैसे संपतात, धान्य द्या. मला तिघांचंही थोडं थोडं पटतं आणि म्हणूनच काही कळेनासं झालंय.

मोठ्या मंद्या, चलन कोसळणं हे अनेक देशांनी भोगलंय. त्यातून काही शहाणपण जमलंय का? सगळ्यांना द्यावं की फक्त गरिबांना? आणि भावासारखे जे कालपर्यंत गरीब नव्हते, त्यांची सोय कोणी केली आहे का? कृपया पक्षांच्या भांडणात धागा नेऊ नका. मला खरंच समजून घ्यायचंय.

रोखठोक

तुमच्या वडिलांशी मी सहमत आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लोकांना कामच दिलं ना? पाझर तलाव, नालाबांध, रस्ते उभे राहिले. माणूस ताठ मानेनं मजुरी घेऊन घरी गेला. खात्यात नुसते पैसे टाकत गेलं की भाव चढतात आणि मग त्या पैशाला किंमत उरत नाही. शिवाय एकदा सुरू केलेली मदत बंद करायची हिंमत कुठल्या सरकारात असते? मंदी संपते, योजना संपत नाही. बोजा शेवटी कर भरणाऱ्यावर.

जुनी फाइल

कातरवेळ, तुमच्या भावाचा अर्ज ज्या कारणानं परत आला, ते कारण मी नोकरीत असताना असंख्य कागदांवर वाचलंय. निवृत्त होईपर्यंत माझं टेबल लाभार्थी याद्यांचं होतं. नवी नावं घेणं, जुनी तपासणं, नामंजूर अर्जावर शेरा मारणं. त्या टेबलावर बसून एक गोष्ट पक्की कळते. रोख, धान्य की काम हा वाद नंतरचा. आधी विचारायचं, यादी कुठली आणि ती कधी केलेली?

चांगल्या दिवसांत केलेली यादी मुरलेली गरिबी टिपते. घर कच्चं आहे का, जमीन आहे का, घरात कमावतं कोण. मंदी ज्याला पाडते तो माणूस निराळा. त्याचं घर पक्कं असतं, मुलं शाळेत असतात, दारात दुचाकी असते आणि हातात काही नसतं. पाहणीला गेलेल्या माणसाला भिंती दिसतात, थकलेले हप्ते दिसत नाहीत.

१९९७-९८ मध्ये आशियातली चलनं गडगडली तेव्हा इंडोनेशियात हे फार ठळकपणे घडलं. डॉलरला अडीच हजारांच्या आसपास असलेला त्यांचा रुपिया काही महिन्यांत दहा हजारांच्या पार गेला. तांदळाचे भाव भडकले. सरकारने १९९८ मध्ये गरीब कुटुंबांना स्वस्त तांदूळ द्यायला सुरुवात केली. गरीब कोण हे ठरवायला हाताशी होती ती कुटुंबनियोजन खात्याची वर्गवारी. तिचे निकष असे: घरातली जमीन मातीची आहे का, दिवसातून दोनदा जेवण होतं का, घरात आणि बाहेर घालायला वेगळे कपडे आहेत का. शांत काळात हे निकष चालून जातात. पण नोकरी गेली म्हणून घरातल्या फरशीची काही माती होत नाही. ज्याची रोजी कालच बुडाली तो त्या वर्गवारीत खातापिताच राहिला. मग कित्येक गावांत लोकांनी आणि गावप्रमुखांनी आलेला तांदूळ सगळ्या घरांत सारखा वाटून टाकला. कागदावर ही गळती ठरली. मला विचाराल तर त्या गावांना आपली परिस्थिती यादीपेक्षा चांगली कळत होती.

‘फक्त गरिबांना द्या’ हे ऐकायला न्यायाचं वाटतं. पण गरिबी तपासायची कशी, या पायरीवर ते अडतं. ब्रिटनमध्ये १९३१ साली बेकारभत्त्याची मुदत संपलेल्यांसाठी घरगुती उत्पन्नाची तपासणी सुरू झाली. तपासनीस घरी यायचा. कमावत्या मुलाची मजुरी, म्हाताऱ्या आईबापांचं पेन्शन, साठवलेली पुंजी, सगळं मोजून बापाचा भत्ता कापायचा. घरातलं सामानसुद्धा नजरेतून सुटायचं नाही. परिणाम काय झाला, तर बापाचा भत्ता वाचावा म्हणून कमावती मुलं घर सोडून दुसरीकडे राहायला जाऊ लागली. त्या तपासणीची चीड पुढच्या पिढीपर्यंत टिकली, आणि सामाजिक सुरक्षेची नवी आखणी सुचवणाऱ्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर तिथली सगळी व्यवस्था नव्यानं मांडली गेली, त्यामागे ही चीडही होती.

आता रोखठोक यांच्या उदाहरणाकडे येतो. १९७२ चं उदाहरण अगदी योग्य आहे, पण त्यातलं बळ कशात होतं ते पाहू. त्या कामांवर यायला कोणाला दारिद्र्याचा दाखला लागत नव्हता. उन्हात खडी फोडायची ज्याची तयारी आहे तो गरजू, एवढी साधी कसोटी. मस्टरवर नाव लावलं की झालं. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. इतक्या माणसांची घरोघर पाहणी करायला घेतली असती तर पाऊस येऊन गेला असता तरी यादी पुरी झाली नसती. आणि ही कल्पनाही त्या वर्षी अचानक सुचलेली नव्हती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ सालीच हा प्रयोग करून पाहिला होता. पुढे १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, काम मागणं हा हक्क ठरला, आणि देशाने २००५ मध्ये जो ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला त्याचं मूळ इथेच आहे. काम मागितल्यापासून १५ दिवसांत दिलं नाही तर बेकारभत्ता द्यावा लागेल, ही अट मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते. कारण तिथे सिद्ध करायची जबाबदारी माणसावरून उचलून सरकारवर ठेवलेली आहे.

२०२० मध्ये टाळेबंदीनंतर शहरांतून माणसं गावी परतली तेव्हा हे दार उघडं होतं म्हणून बरं झालं. २०२०-२१ या एका वर्षात या कायद्याखाली सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं. आधीच्या ६१,५०० कोटींच्या तरतुदीत सरकारला आणखी ४०,००० कोटी घालावे लागले. नवी योजना, नवी यादी, नवा अर्ज यातलं काहीही करावं लागलं नाही. दार मोठं करावं लागलं इतकंच.

त्याच वर्षी धान्याचंही पाहा. एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो मोफत धान्य सुमारे ८० कोटी लोकांना देता आलं, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिका, गोदामं, दुकानं ही सगळी साखळी आधीच उभी होती. आणि त्याची मर्यादाही तिथेच दिसली. किती लोकांना लाभ द्यायचा याचा आकडा २०११ च्या जनगणनेवर ठरलेला, म्हणजे नंतर वाढलेली कुटुंबं बाहेर. शिवाय ज्याचं कार्ड गावी आणि माणूस परमुलखात, त्याच्या हाती पहिल्या काही आठवड्यांत फारसं काही लागलं नाही.

म्हणून तुमच्या आई, वडील आणि वहिनी, तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. भाव रोज चढत असतील आणि बाजारात माल मिळत नसेल तर धान्य. बाजार सुरळीत असेल आणि माणसाला भाडं, औषध, फी भरायची असेल तर रोख. शेतीची कामं नसलेल्या हंगामात, अंगमेहनत करू शकणाऱ्यांसाठी काम. पण बाळंतीण, म्हातारी माणसं, अपंग, आणि कसबी कारागीर यांना खडी फोडायला लावून काही साधत नाही. तुमच्या भावासाठी खरं उत्तर चौथंच आहे, आणि ते मंदी यायच्या आधी तयार ठेवावं लागतं. बेरोजगारी विमा, म्हणजे नोकरी असताना हप्ता भरायचा आणि नोकरी गेली की त्या निधीतून काही काळ पैसे मिळायचे.

दुपारपाळी

मी पगारपत्रकं करणारा माणूस. जुनी फाइल यांनी विम्याचं नाव काढलं म्हणून जर्मनीतली एक पद्धत सांगतो, कारण कातरवेळ यांच्या भावाच्या बाबतीत ती अगदी चपखल बसते. तिथे तिला कुर्त्सआर्बाइट म्हणतात, म्हणजे कमी तास काम. मालकाकडे काम नसेल तर तो कामगाराला काढत नाही, तास कमी करतो. जेवढे तास गेले तेवढ्याचा निव्वळ पगार जो बुडाला, त्याच्या ६० टक्के, आणि मुलंबाळं असतील तर ६७ टक्के रक्कम बेरोजगारी विम्याच्या निधीतून मिळते. अर्ज मालक करतो, कामगाराला कुठल्या रांगेत उभं राहावं लागत नाही. २००९ मध्ये जर्मनीचं उत्पादन पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, पण बेरोजगारी जेमतेम हलली. त्या वर्षी ऐन भरात १४-१५ लाख कामगार या पद्धतीत होते. २०२० च्या एप्रिलमध्ये तो आकडा ६० लाखांच्या घरात गेला.

यातला फायदा पगारापुरता नाही. लेथवरचा मुरलेला माणूस एकदा हातातून गेला की परत मिळत नाही, हे कारखानदारालाही कळतं. काम परत आलं की त्याच माणसांनी दुसऱ्या दिवसापासून मशीन सुरू करायचं.

मर्यादाही सांगतो. पगारपत्रकावर नाव असेल त्यालाच हे लागू. कंत्राटदाराकडचा माणूस, रोजंदारीवरचा, स्वतःचा छोटा धंदा करणारा, यांना यातून काही नाही.

कातरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाने जुनी फाइल यांचं उत्तर दोनदा वाचलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वडिलांच्या सवय लागण्याच्या मुद्द्यावर कोणी बोललं नाही. त्यांना ते मनापासून वाटतं आणि मला त्यांना नीट उत्तर द्यायचंय, नुसतं गप्प करायचं नाहीये. आणि दुसरं, ज्याचं नाव कुठल्याच पगारपत्रकावर नाही, अशा माणसापर्यंत ऐन संकटात पोचणं कोणाला जमलंय का? कारखान्यात भावाच्या हाताखाली जे दोघं तिघं कंत्राटी होते त्यांचं तर याच्याहून वाईट चाललंय.

जुनी फाइल

आधी कंत्राटी मुलांचं घेतो, कारण तो भाग जास्त निकडीचा आहे.

विमा ही उत्तम गोष्ट, पण ती कोणाला वगळते तेही बघायला हवं. अमेरिकेत महामंदीच्या दिवसांत, १९३३ च्या सुमाराला, चौघांतला एक कामकरी बेकार होता. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने तिथे बेरोजगारी विमा आणि वृद्धांचं पेन्शन आणलं, पण शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून बाहेर ठेवले. त्यात कृष्णवर्णीय मजूर फार मोठ्या संख्येनं होते. ज्यांना सगळ्यात आधी काढून टाकतात तेच विम्याच्या बाहेर, ही गोष्ट तेव्हापासून अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसते.

यातून वाट काढल्याची दोन उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात. पहिलं ब्राझीलचं. २००१ पासून तिथे गरीब कुटुंबांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे आणि तिच्यावर २००३ पासून गरीब कुटुंबांना दरमहा पैसे देणारी बोल्सा फमिलिया ही योजना चाललेली. २०२० मध्ये आणीबाणीची मदत द्यायची ठरली तेव्हा नोंदवहीत असलेल्यांना पैसे लगेच गेले. पण सरकार तिथेच थांबलं नाही. नोंदवहीत नसलेल्या, कुठल्याही पगारपत्रकावर नसलेल्या माणसाला फोनवरून स्वतः नाव नोंदवायची मुभा दिली. महिन्याला ६०० रेआल (तिथलं चलन), आणि एकटीनं घर चालवणाऱ्या आईला दुप्पट. साडेसहा कोटींहून जास्त माणसांना ते पोचले. काही अपात्र लोकांनीही पैसे घेतले, तेही खरं आहे. पण मी आयुष्यभर ज्या टेबलावर बसलो तिथून सांगतो, एक चुकीचं नाव आत आलं तर सरकारचे पैसे जातात आणि ते नंतर वसूल करता येतात. एक खरं नाव बाहेर राहिलं तर त्या घरातला मुलगा शाळेतून निघतो आणि ते मागाहून कोणी भरून देऊ शकत नाही. माझ्या कार्यालयात मात्र आम्हाला झापणं व्हायचं ते फक्त पहिल्या प्रकारच्या चुकीसाठी. बाहेर राहिलेल्यांचा हिशेब आमच्याकडून कधी कोणी मागितला नाही.

दुसरं उदाहरण टोगोचं. पश्चिम आफ्रिकेतला लहानसा देश, बहुतेक लोक असंघटित कामात. २०२० च्या फेब्रुवारीत तिथे निवडणूक झाली होती आणि मतदारांच्या नोंदीत व्यवसायही लिहिलेला होता. एप्रिलमध्ये त्यांनी नोविसी नावाची योजना काढली. साध्या फोनवरून नंबर फिरवायचा, मतदार ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा. नोंदीतला व्यवसाय टाळेबंदीचा फटका बसलेल्यांपैकी असेल तर मोबाइलवर पैसे जमा. बायकांना पुरुषांपेक्षा थोडे जास्त. यादी गरिबीची नव्हती तरी ती ताजी होती, आणि संकटात ताजी यादी चांगल्या पण शिळ्या यादीपेक्षा उपयोगी पडते.

उलट बाजूही सांगायला हवी. श्रीमंत देश म्हणजे तयारीचा देश असं काही नाही. त्याच वसंतात अमेरिकेत बेकारांना त्यांच्या बुडालेल्या पगाराच्या प्रमाणात मदत द्यावी असा विचार होता. पण राज्यांच्या कार्यालयांतले संगणक इतके जुने की तो हिशेब त्यांना झेपणार नव्हता. म्हणून सगळ्यांना सरसकट आठवड्याला ६०० डॉलर जादा द्यायचं ठरलं. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबॉल ही जुनी संगणकभाषा येणाऱ्या माणसांना जाहीर साद घालावी लागली. पैसा होता, इच्छा होती, यंत्रणा कुजलेली होती. घराचं छप्पर उन्हाळ्यात शाकारायचं असतं, तसं हे आहे.

आता तुमच्या वडिलांचा मुद्दा. तो मी हलका मानत नाही, कारण कष्टानं उभं राहिलेल्या माणसाला तो वाटणारच. त्यांना अर्जेंटिनाचं सांगा. २००१ अखेरीस तिथली अर्थव्यवस्था कोसळली. २००२ मध्ये सरकारने बेकार कुटुंबप्रमुखांसाठी महिना १५० पेसो द्यायला सुरुवात केली. बदल्यात आठवड्याला साधारण २० तास सामाजिक काम, शिक्षण किंवा प्रशिक्षण. वर्षभरात २० लाखांच्या आसपास लोक त्यात आले, त्यात बायका बहुसंख्य. पुढे अर्थव्यवस्था सावरली तशी माणसं नोकऱ्यांत परतली आणि यादी आटत गेली. सवय लागून कोणी कायमचं बसून राहिलं असं झालं नाही. रक्कमच इतकी तुटपुंजी होती की बसून राहणं परवडणारं नव्हतं. इराणमध्ये २०१० च्या डिसेंबरात इंधनाची सबसिडी कापून त्याऐवजी दरमहा माणशी ४,५५,००० रियाल जवळजवळ सगळ्या देशाला देऊ केले. त्यावर अभ्यास झाले, त्यांत लोकांनी काम सोडल्याचं म्हणण्याजोगं चिन्ह सापडलं नाही.

तिथे बिघडलं ते वेगळंच. रक्कम तशीच ठेवली आणि महागाई धावत राहिली. काही वर्षांत त्या ४,५५,००० ची पार रया गेली. अर्जेंटिनाचे १५० पेसोही असेच विरघळले. रोखठोक म्हणतात पैसे वाटले की भाव चढतात. मालच नसलेल्या बाजारात तसं होऊ शकतं. पण मंदीत माल पडून असतो आणि गिऱ्हाईक नसतं. मला जास्त भीती उलट्या गोष्टीची वाटते, की भाव आपल्या कारणांनी चढतात आणि मदतीची रक्कम जिथल्या तिथे राहते. दरवर्षी महागाईनुसार वाढ, हे कायद्यातच लिहिलेलं असलं पाहिजे.

भावाच्या अर्जाबद्दल थोडं व्यवहाराचं. नामंजुरीचं कारण लेखी मागा, तोंडी उत्तरावर परत येऊ नका. कारखान्याकडून काम थांबल्याच्या तारखेचं पत्र घ्या. पत्र मिळत नसेल तर शेवटच्या पगाराची पावती आणि खात्याचा उतारा जोडा. अपिलाची मुदत बहुतेक ठिकाणी ठरलेली असते आणि ती नामंजुरीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून ती आधी विचारा. अपिलात जुन्या दाखल्याशी वाद घालू नका, तो खराच आहे. ‘परिस्थिती या तारखेपासून बदलली’ एवढंच ठळक मांडा. टेबलापलीकडच्या माणसालाही फाइलवर काहीतरी आधार लागतो, तो त्याच्या हातात द्या.

रोखठोक

जुनी फाइल, यादीचा मुद्दा पटला. मस्टरची बाजू मी या अंगानं पाहिली नव्हती. पण माझे दोन प्रश्न तसेच आहेत. मंदीत सरकारचा स्वतःचा महसूल आटतो, मग पैसा आणायचा कुठून? आणि बंद कधी करायचं?

जुनी फाइल

दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पैशाचं म्हणाल तर सगळ्यात चांगली सोय तीच, जी चांगल्या वर्षांत साठवली जाते. महाराष्ट्राने रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून थोडी रक्कम कापायची आणि तेवढीच भर राज्याने घालायची. म्हणजे पाऊस पडला त्या वर्षीही निधीत पैसे येत राहिले. जर्मनीतही विम्याचा हप्ता मालक आणि कामगार दोघं भरतात, आणि २००९ ला त्या निधीत शिल्लक होती.

आणि मदत न देण्याचाही खर्च असतो. ग्रीसचं बघा. २०१३ मध्ये तिथली बेरोजगारी २७ टक्क्यांच्या वर गेली. बेकारभत्ता जास्तीत जास्त वर्षभर, त्यानंतर बहुतेकांना काहीही नाही. नोकरी जाऊन काही काळ लोटला की आरोग्य विमाही जायचा. म्हणजे बेकार माणूस आजारी पडला तर त्याला वाली नाही. विमा नसलेल्यांना सरकारी दवाखान्याचा हक्क मिळायला २०१६ उजाडलं आणि देशभर किमान उत्पन्नाची हमी २०१७ मध्ये आली, म्हणजे संकट सुरू होऊन सात वर्षं उलटल्यावर. त्याच्या शेजारी दक्षिण कोरिया ठेवून बघा. त्यांच्याकडे १९९५ पासून बेरोजगारी विमा होता, पण सुरुवातीला मोठ्या आस्थापनांपुरता. १९९७ च्या अखेरीस संकट आलं आणि १९९८ च्या ऑक्टोबरपर्यंत त्यांनी तो लहानात लहान आस्थापनांपर्यंत नेला. पाठोपाठ १९९९ मध्ये किमान उपजीविकेच्या हक्काचा कायदा केला. तीन वर्षांचा कोवळा कायदा असला तरी पाया होता, त्यावर मजला चढवता आला. ग्रीसमध्ये पायाच खणायचा होता, आणि तोही हातात कुदळ घ्यायला पैसे नसताना.

बंद कधी करायचं, याला मी तारीख हे उत्तर देणार नाही. तारीख ठरवणाऱ्याला मंदी किती लांबणार हे ठाऊक नसतं. १९३३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे मदतकार्यप्रमुख हॅरी हॉपकिन्स यांनी एक तातडीची कामं देणारी योजना काढली. दोन-तीन महिन्यांत ४० लाखांवर माणसांना त्यांनी रोजगार दिला. ही गती आजही थक्क करते. हिवाळा संपताच, १९३४ च्या मार्चअखेर, ती गुंडाळली. मंदी मात्र कायम होती आणि १९३५ मध्ये तेच काम नव्या नावाखाली पुन्हा सुरू करावं लागलं. २०२० चे ते ६०० डॉलरही जुलैअखेर थांबले, आणि तेव्हा तिथे दर दहांतला एक कामकरी बेकार होता.

याहून बरी रीत त्याच देशाच्या १९७० च्या कायद्यात आहे. राज्यातला बेरोजगारीचा दर ठरलेल्या पातळीच्या वर गेला की भत्त्याचे जादा आठवडे आपोआप सुरू होतात, दर खाली आला की आपोआप थांबतात. त्यातली पातळी फार वर ठेवली आहे अशी तक्रार आहे आणि ती मला पटते. पण तत्त्व बरोबर आहे. हिंमत करून बंद करणारं सरकार शोधायची वेळच येत नाही, आकडाच ते काम करतो. फक्त तो आकडा दर महिन्याला मोजला गेला पाहिजे, आणि त्यात कंत्राटी, रोजंदारीवरची माणसंही धरली पाहिजेत.

दुपारपाळी

शेवटच्या वाक्यावर एक भर. कंत्राटी माणसं त्या आकड्यात यायची तर त्यांची हजेरी कुठेतरी नोंदली गेली पाहिजे. कंत्राटदाराकडे ती असतेच, नाहीतर तो बिल कशाच्या जोरावर लावणार? मूळ मालकाने कंत्राटदाराचं बिल मंजूर करताना त्या हजेरीची एक प्रत विमा निधीकडे पाठवावी, एवढा नियम केला तरी निम्मं काम होईल. कातरवेळ, भावाच्या हाताखालच्या त्या मुलांना सांगा, हजेरीच्या पानाचा फोटो आत्ताच काढून ठेवा. कारखाना परत सुरू होईपर्यंत ते वह्या सांभाळतीलच असं नाही.